या चुका टाळा: युरोपातल्या शहरांचे वाहतूक आराखडे आणि अनुदानाचे अर्ज

युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमावलीने चारशेहून जास्त शहरांना 2027 अखेरपर्यंत शाश्वत नागरी वाहतूक आराखडा करायला सांगितलाय. मुदत जवळ आल्याने सगळीकडे धावपळ आहे, आणि माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत त्याच त्या चुका पुन्हा दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खरेदीचा पैसा मिळाला की काम झालं असं धरून चालणं. युरोपीय निधी मुख्यतः रूळ, बस, चार्जर अशा भांडवली खर्चाला मिळतो. चालकांचा पगार, विजेचं बिल, टायर, दुरुस्ती हे सगळं शहराच्या तिजोरीतून जातं. मागास प्रदेशांत अनुदान 85 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, त्यामुळे उरलेले 15 टक्के किरकोळ वाटतात. शिवाय अनुदान बहुतांशी प्रतिपूर्तीने येतं: आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं द्यायची, तपासणी होऊ द्यायची, मग पैसे. मधल्या काळातल्या कर्जाचं व्याज अर्जात कुणी धरत नाही.

एका मध्यम आकाराच्या शहरात हे मी डोळ्यांनी पाहिलं. नाव सांगत नाही. इलेक्ट्रिक बसचा प्रस्ताव मंजूर झाला, निविदा निघाली, बस आल्या. फेब्रुवारीत मी डेपोत गेलो तेव्हा त्या भिंतीला लागून ओळीने उभ्या होत्या. सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. डेपोप्रमुखांनी मला मीटरच्या खोलीत नेलं आणि मंजूर भाराचा आकडा दाखवला: एका वेळी दोनच बस चार्ज होतील एवढा. वाढीव वीजजोडणीचा अर्ज बस आल्यावर केला होता. वरातीमागून घोडं! नवा ट्रान्सफॉर्मर बसायला सव्वा वर्ष गेलं. तोवर जुन्या डिझेल बसच धावल्या आणि नव्या बसची वॉरंटी उभ्या उभ्या संपत राहिली. त्या प्रमुखांनी पहिल्याच बैठकीत विजेचं विचारलं होतं. ‘ते नंतर बघू’ असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. अर्ज उघडण्याआधी एका कागदावर पंधरा वर्षांचा तक्ता मांडतो: दर वर्षी खर्च किती आणि तो देणार कोण. दहाव्या वर्षापुढे नाव लिहिता आलं नाही तर पुढे जात नाही. आणि वीज कंपनीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय निविदा काढू देत नाही. नवखी मंडळी यावर चिडतात. चिडू देत.

दुसरी चूक व्हिएन्नाच्या नावाने होते. 2012 ते 2025 तिथे वार्षिक पास 365 युरोंना मिळत होता. दिवसाला एक युरो ही घोषणा इतकी आकर्षक आहे की प्रत्येक महापौराला ती हवी असते. पण व्हिएन्नात भुयारी रेल्वे 1978 पासून वाढत आली आहे. तिच्यासाठी मालकांकडून प्रत्येक कर्मचाऱ्यामागे कर घेतला जातो, आणि तोही 2012 मध्येच वाढवून आठवड्याला 2 युरो केला. त्याच वर्षी पार्किंगचं शुल्क वाढलं आणि सशुल्क पार्किंग पश्चिमेकडच्या वस्त्यांपर्यंत पोचलं. फ्रान्समध्येही अकरा किंवा जास्त कर्मचारी असलेले मालक वाहतूक कर भरतात. तिकीट स्वस्त होतं तेव्हा फरक दुसरं कुणीतरी भरत असतं. तो कोण, हे न ठरवता दर उतरवले तर दोन वर्षांत फेऱ्या कमी कराव्या लागतात, आणि त्याचा फटका रात्रपाळीवरून घरी जाणाऱ्या माणसाला बसतो. याचा मला खरंच राग येतो.

गर्दीशुल्काचा, म्हणजे शहराच्या गजबजलेल्या भागात गाडी आणण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा, क्रम चुकवू नका. स्टॉकहोमने 2005 मध्ये आधी बस वाढवल्या, 2006 मध्ये सात महिने शुल्काचा प्रयोग केला, मग मतदान घेतलं. लोकांनी फरक अनुभवला होता आणि शुल्क टिकलं. एडिनबराने 2005 मध्ये अनुभवाआधीच कौल मागितला. सुमारे तीन चतुर्थांश मतं विरोधात गेली.

आराखडा महापालिकेच्या हद्दीवर थांबवू नका. सकाळी शहरात येणाऱ्या गाड्या हद्दीबाहेरच्या गावांतून निघतात.

मोजणी फक्त सकाळच्या ऑफिसच्या वेळेत करू नका. मुलाला शाळेत सोडून, औषधं घेऊन, मग कामावर जाणाऱ्या बाईचा प्रवास त्यात सापडतच नाही.

दुसऱ्या शहराचा मसुदा नाव बदलून वापरू नका. पानभर वाचलं की कळतं.

आणि ट्राम आखत असाल तर रस्त्याखालच्या वाहिन्यांचा नकाशा आधी पक्का करा. एडिनबरात पाण्याच्या नळांपासून केबलींपर्यंत सगळं हलवण्यात वेळ आणि पैसा गेला. ट्राम 2014 मध्ये, 77.6 कोटी पौंड खर्चून, ठरल्यापेक्षा आखूड मार्गावर सुरू झाली. मूळ आराखड्यातल्या न्यूहेवन या टोकापर्यंत ती 2023 मध्ये पोचली. नकाशा जुना असेल तर मी ठिकठिकाणी चाचणीखड्डे खणायला लावतो, आणि खणताना स्वतः तिथे उभा राहतो.