कपातीच्या दिवशी घाईने सही करू नका: कामावरून कमी होताना होणाऱ्या चुका

"काका, सही करून आलो. आता माझे किती पैसे बसतात?"

हा प्रश्न माझ्याकडे कायम सही झाल्यावरच येतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी २३ वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. हजेरी, पगारपत्रक, पीएफ आणि माणूस सुटला की त्याचा शेवटचा हिशेब, हे माझं काम होतं. निवृत्त झालो तरी संध्याकाळी लोक कागद घेऊन येतात, आणि दहातल्या सहा-सात जणांच्या हातात तोच कागद असतो: स्वतःच्या सहीचा राजीनामा.

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून तीच आधी सांगतो.

कंपनीकडे काम कमी झालं, मशीन आलं, विभाग बंद झाला आणि तुम्हाला कायमचं कमी केलं, तर कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात. नोटीस किंवा नोटीस पे (नोटिशीच्या मुदतीऐवजी दिलेला पगार) आणि सेवेच्या वर्षांप्रमाणे भरपाई त्यात द्यावीच लागते. राजीनामा दिलात की ही भरपाई गेली, कारण स्वेच्छेने सोडणं कपातीत मोडत नाही. म्हणून तर तयार टाईप केलेला राजीनामा टेबलावर ठेवलेला असतो.

२०१६ सालची गोष्ट. पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ऑर्डर तुटल्या. शनिवारी दुसऱ्या पाळीत नऊ जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. समोर तारखेची जागा कोरी ठेवलेला राजीनामा, शेजारी चेक: एक महिन्याचा पगार आणि वर २०,००० रुपये. "राजीनामा असला की पुढच्या नोकरीला बरं दिसतं," असं प्रत्येकाला सांगितलं गेलं. आठ जणांनी सही केली. नववा प्रेस ऑपरेटर, ११ वर्षं सेवा झालेला. तो म्हणाला, "चष्मा घरी राहिलाय, उद्या वाचून सांगतो," आणि कागद घडी करून खिशात घालून निघाला. सोमवारी वकिलामार्फत पत्र गेलं, आणि आठवडाभरात त्याला रीतसर कपातीचं पत्र, नोटीस पे आणि ११ वर्षांची भरपाई मिळाली.

सही केलेल्या आठांतला एक फिटर १४ वर्षं तिथे होता. पगार १५,०००. वर्षाला अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने त्याची भरपाई १,०५,००० रुपये झाली असती, तो २०,००० वर घरी गेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, तेवढी मिळाली, कारण पाच वर्षांपुढे ती राजीनामा दिला तरी बुडत नाही. पुढे त्याने केस केली. जबरदस्तीने सही घेतली हे आता त्यालाच सिद्ध करायचं होतं, आणि केबिनमध्ये त्याच्या बाजूने साक्षीदार कोणीच नव्हता. जुनी हजेरी कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन तो तीन वर्षं प्रत्येक तारखेला यायचा. शेवटी ४०,००० वर तडजोड झाली. त्या माणसाचं काही चुकलं असेल तर एवढंच, की त्याने समोरच्यावर विश्वास ठेवला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. कागद हातात आला की आधी मोबाईलवर फोटो काढायचा. पोच म्हणून सही करावीच लागली, तर सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहायचं: "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही", खाली तारीख आणि वेळ. राजीनाम्यावर मात्र ही पळवाट चालत नाही, तिथे सहीच करायची नाही. दबाव आणला असेल तर त्याच रात्री घडलेलं सगळं साध्या भाषेत लिहून कंपनीला ईमेल करा आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, म्हणून पोचपावतीची सेवा आठवणीने मागून घ्या. चार दिवसांनी लिहिलेल्या पत्राला त्या रात्रीच्या पत्राचं वजन येत नाही.

दुसरी चूक हिशेबाची. नोटीस पे मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात रकमा वेगवेगळ्या असतात, आणि मी त्या वहीत एकाखाली एक लिहायला लावतो. समजा वेतन २६,००० आणि सेवा ८ वर्षं ७ महिने. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा, म्हणून ९ वर्षं धरायची.

नोटीस पे: एक महिना, २६,०००. नेमणूकपत्रात दोन किंवा तीन महिने लिहिले असतील तर तेवढे मागा, कायद्यातला एक महिना ही किमान मर्यादा आहे.
कपातीची भरपाई: वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे १३,००० गुणिले ९, १,१७,०००.
ग्रॅच्युइटी: इथे भागाकार २६ ने होतो. २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९, म्हणजे १,३५,०००.

भरपाईला अर्धा महिना आणि ग्रॅच्युइटीला २६ चा भागाकार, हे दोन हिशेब लोक सर्रास एकमेकांत मिसळतात, आणि कंपनीचा अकाउंटंटही कधी कधी मिसळतो. यात शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस मिळवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे कपातीचे नियम ठरवणारा नवा कायदा, लागू झाली आहे. तिच्यात कपात झालेल्यांसाठी पुनर्कौशल्य निधी आहे, त्यातून आणखी १५ दिवसांचं वेतन कपातीपासून ४५ दिवसांत तुमच्या खात्यात जमा व्हायला हवं. ही रक्कम मागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि 'वेतन' म्हणजे नुसता बेसिक, असं सांगितलं तर मान डोलावू नका. नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक मुद्दाम बारीक ठेवलेल्या पगारपत्रकांत याने मोठा फरक पडतो.

पैसे कधी? भरपाई आणि नोटीस पे कपातीबरोबरच द्यायचे असतात, ती कपातीची अटच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये हॉस्पिटल मजदूर सभेच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. "हिशेब पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

'२४० दिवस भरले नाहीत' या वाक्याला घाबरून कितीतरी लोक परत फिरतात. हक्क लागू व्हायला मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम हवं, हे खरं. पण लोक फक्त कार्ड पंच केलेले दिवस मोजतात. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं, की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही या मोजणीत येतात. गेल्या वर्षी एका मुलीचे २०९ दिवस भरत होते, सुट्ट्या धरून ती २५० च्या पुढे गेली. मात्र हे दिवस सिद्ध करण्याचं ओझं कामगारावर असतं. म्हणून पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट नोकरीवर असतानाच घरच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कमी केल्यावर कंपनीचं लॉगिन तासाभरात बंद होतं.

'माझं पद मॅनेजर, मला हे लागू नाही' असं हिंजवडीची पोरं ठामपणे सांगतात. पदाच्या नावाने काही ठरत नाही. न्यायालय तुम्ही दिवसभर प्रत्यक्ष काय करता ते बघतं. कोड लिहिणारा 'टीम लीड' कामगार ठरू शकतो. खरंच व्यवस्थापकीय काम असेल, किंवा देखरेखीचं काम आणि वेतन १८,००० च्या वर असेल, तर मात्र भिस्त नेमणूकपत्रावर. ते पत्र शोधून ठेवा.

ले-ऑफ आणि कपात एक समजू नका. वर्तमानपत्रं कपातीलाच 'ले-ऑफ' म्हणतात, पण कायद्यात ले-ऑफ तात्पुरता असतो. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात त्या काळात बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात, आणि ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर हजेरी लावली नाही तर तेही जातात. लोक गावी निघून जातात आणि पैसे गमावतात.

थोडक्यात आणखी काही.

कारखान्यात ३०० कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. पूर्वी हा आकडा १०० होता, तेव्हा जुनी माहिती घेऊन भांडू नका.

एकाच कामातल्या माणसांत शेवटी आलेला आधी जातो. त्याला अपवाद केला तर कंपनीने कारण नोंदवायला हवं. सेवाज्येष्ठता यादी मागा.

मुदतीचा करार संपणं ही कपात नाही, पण मुदतीच्या नोकरीला आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे.

चेक नाकारू नका. "हक्क राखून स्वीकारला" असं स्वतः लिहा आणि मग तो घ्या. भरपाईचा चेक वटवला म्हणून दाद मागण्याचा हक्क जात नाही, हे २००० मध्ये नरसिंग पाल यांच्या खटल्यात ठरलं आहे.

पीएफ घाईने काढू नका. त्याच्यासोबतच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, ती मोजणी तुटू देऊ नका.

शेवटी घाईबद्दल. कपात झाली त्याच दिवशी कोणाचं तरी पत्र उचलून, नाव बदलून पाठवणारे बरेच असतात. त्या पत्रात दुसऱ्याच राज्याचा कायदा आणि दुसऱ्याचीच तारीख राहून जाते, आणि पुढे तेच पत्र समोरचा वकील न्यायालयात वाचून दाखवतो. स्वतःची हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहा, एक पान पुरे. ते सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या, शिक्क्याची प्रत घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. आणि फार थांबूही नका: दाद मागायला पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत ती दोन झाली आहेत, आणि ती कपातीच्या तारखेपासून मोजली जातात.