हॉगवर्ट्सचा पट्ट्यांचा मफलर विणताय? या चुका टाळा

पट्ट्यांचा मफलर म्हणजे सर्वांत सोपं विणकाम, असं समजून बरेच जण हॅरी पॉटरच्या मफलरपासून सुरुवात करतात. सुलट टाका आला की मफलर आला, हे एकरंगी मफलरच्या बाबतीत खरं आहे. पण दोन रंग आले की बिघडायच्या जागा वाढतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच ठिकाणी असतात: जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो.

त्याआधीची एक चूक मात्र लोकर घेतानाच होते. 'ग्रिफिंडोरचा', म्हणजे हॅरीच्या गटाचा मफलर एकच नाही. पहिल्या दोन चित्रपटांत (2001 आणि 2002) एकाआड एक रुंद पट्टे आहेत. तिसऱ्या चित्रपटापासून (2004) गडद लाल पार्श्वभूमीवर सोनेरी रंगाच्या अरुंद पट्ट्यांच्या जोड्या येतात. रंगांचंही तसंच. हॉगवर्ट्समधल्या रेव्हनक्लॉ या गटाचा रंग कादंबऱ्यांत निळा आणि ब्राँझ आहे, चित्रपटांत निळा आणि चंदेरी. ज्याच्यासाठी विणताय त्याला नेमका कोणता हवा ते आधी विचारा. ही मंडळी फार बारकाईने बघतात, आणि त्यांनी बघावंच. त्यासाठीच तर आपण विकतचा न आणता हाताने विणतो.

दुकानात लालभडक आणि लिंबू रंग शेजारी छान दिसतात, पण विणल्यावर ते चित्रपटातल्यासारखे दिसत नाहीत. डाळिंबी किंवा मरून घ्या आणि सोबत हळदीकडे झुकणारा पिवळा. सोनेरी म्हणून जरीचा धागा मिसळलेली लोकर घेऊ नका, ती मानेला टोचते. दोन्ही रंग एकाच कंपनीचे, एकाच जाडीचे असू द्यात. एक रंग किंचित जाड निघाला की तो पट्टा रुंद होतो आणि मफलरची कड नागमोडी दिसते. हे नंतर इस्त्रीने सुधारत नाही. लागेल तेवढी लोकर एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर (रंगवण्याच्या खेपेचा क्रमांक) जुळवा. रंग हाताने दिलेली शुद्ध लोकर असेल तर आधी एक धागा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. लाल रंग पिवळ्यात उतरला तर सगळी मेहनत वाया जाते.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: मफलर कडेने गुंडाळला का जातो? तुम्ही एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सपाट विणलंय म्हणून. त्या विणीचा स्वभावच वळायचा आहे. कडेला चार टाके वेगळे विणून किंवा वाफ देऊन ते थोडे दिवस दबतं, पुन्हा वळतं. चित्रपटातल्यासारखी गुळगुळीत वीण हवी असेल तर मफलर नळीसारखा गोल विणा. तो आपोआप दुहेरी होतो, वळत नाही आणि धाग्यांची टोकं आत लपतात. लोकर मात्र जवळपास दुप्पट लागते. पुण्या-नाशिकच्या थंडीला एकेरी मफलर पुरतो; बर्फाच्या देशात राहणाऱ्या भाच्याला किंवा नातीला पाठवायचा असेल तर दुहेरीच विणा. एकेरीसाठी एक टाका सुलट, एक टाका उलट अशी वीण चांगली.

नळीचा हिशोब असा. 8 नंबरच्या (4 मिमी) सुयांवर 10 सेंटीमीटरमध्ये साधारण 20 टाके आणि 28 ओळी बसत असतील, तर 72 टाके घाला. घेर 36 सेंटीमीटर, म्हणजे सपाट पडल्यावर मफलर 18 सेंटीमीटर रुंद. रुंद पट्ट्यांचा विणताना 28 ओळींचे 17 पट्टे केले की 170 सेंटीमीटर होतात. पट्ट्यांची संख्या विषमच ठेवा, नाहीतर दोन टोकांना दोन वेगळे रंग येतात. पट्टे टेपने मोजू नका, ओळी मोजा. टेप थोडी ओढली की पट्टा कमीजास्त होतो आणि सतराव्या पट्ट्यापर्यंत तो फरक नजरेला खुपतो.

40 सेंटीमीटरची गोल सुई या घेराला मोठी पडते. टाके ताणून बसवण्यापेक्षा दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांचा संच घ्या. गोल जोडताना टाक्यांना पीळ पडला तर पूर्ण नळी पिळलेली राहते, आणि हे लक्षात येईपर्यंत बरंच विणून झालेलं असतं. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्या दोन ओळी सपाट विणून मग जोडणं. सुरुवातीला राहिलेली छोटी फट शेवटी सुईदोऱ्याने शिवून टाका.

गोल विणताना रंग बदलला की त्या जागी पायरी दिसते, कारण फेऱ्या खरं तर जिन्यासारख्या वर चढत असतात. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, पहिल्या टाक्याच्या खालचा जुन्या रंगाचा टाका डाव्या सुईवर उचला आणि दोन्ही एकत्र विणा. पायरी जवळपास नाहीशी होते. उरलीसुरली लपवायला मफलर असा सपाट करा, की सगळे जोड एका बाजूच्या घडीवर येतील.

नवा रंग जोडताना गाठ मारू नका. 15 सेंटीमीटर टोक सोडा. पहिला टाका ढिला, मोठा दिसतो; दिसू द्या. दोनतीन फेऱ्या झाल्या की टोक हलकेच ओढून तो बसवा. ॲक्रिलिकची गाठ निसटते आणि नळीच्या आत सुटली तर सापडत नाही. टोक त्याच्या स्वतःच्या रंगाच्या पट्ट्यात, दिशा बदलत आत ओवा. पिवळ्यात लाल ओवलंत तर ते उजेडात दिसतं.

अरुंद जोड्यांच्या नमुन्यात, म्हणजे 4 फेऱ्या पिवळ्या, 6 लाल, पुन्हा 4 पिवळ्या, मधल्या सहा फेऱ्यांसाठी पिवळा धागा तोडायची गरज नाही. दर दोन फेऱ्यांनी दोन्ही धाग्यांना एक वळसा द्या आणि पिवळा वर न्या, पण सैल. ओढून नेलात तर तिथे चुणी पडते. जोडीनंतरच्या लांब लाल पट्ट्याआधी मात्र तोडाच.

सपाट विणणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: रंग बदलतो तिथे दोन रंगांचे ठिपके दिसतात. ते उलट टाक्यांचे आहेत. नव्या रंगाची पहिली ओळ सुलट बाजूने, सगळी सुलट विणा आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा एक सुलट, एक उलट सुरू करा. लवचिकतेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

ज्यांना 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या चौथ्या डॉक्टरचा मफलर विणायचाय, त्यांना यातलं बरंच सोडून द्यावं लागेल. टॉम बेकरने 1974 पासून ही भूमिका केली. वेशभूषाकार जेम्स ॲचेसन यांनी बेगोनिया पोप या विणकर बाईंना भरपूर लोकर दिली आणि त्यांनी ती सगळी विणून टाकली, म्हणून तो इतका लांब. तो दोन्ही बाजूंनी सुलट विणलेला आहे आणि पट्टे मुद्दाम असमान आहेत. ते सारखे केले तर तो मफलर ओळखूच येत नाही. पट्टे लहानमोठे असले तरी प्रत्येकाच्या ओळी सम ठेवा, म्हणजे रंग नेहमी एकाच बाजूला बदलेल. ही वीण स्वतःच्या वजनाने लांबते, तेव्हा लांबी टांगून मोजा.

शेवटी इस्त्री. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की वीण कायमची चपटी होते. ओलं कापड पसरा, इस्त्री वरच धरून फक्त वाफ द्या, आणि मफलर थंड होईपर्यंत हलवू नका. झालर त्यानंतर लावा. गोंड्याचा धागा नळीच्या दोन्ही थरांतून ओवलात की टोकंही तिथेच बंद होतात.