आईचं अनुदान पोस्टातून घरपोच मिळावं म्हणून

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, एक सकाळ आईच्या खात्यासाठी काढा. मी देवगड तालुक्यात शाखा डाकपाल होते. मुंबईच्या मनीऑर्डरी ज्या घरांत आम्ही पोचवल्या, तिथेच आज संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, पीएम किसानचे पैसे पोस्टमनच्या हातून मिळू शकतात. त्यासाठी आधार आणि खात्याची जोडणी मात्र नीट हवी.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात जमा होणारे पैसे बहुतेक वेळा पासबुकावरचा नंबर बघून येत नाहीत. आधारला जे खातं शेवटचं जोडलंय, तिथे ते जातात, आणि डीबीटीसाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. आमच्या वाडीतल्या एक काकी रिकामं पासबुक घेऊन पुन्हापुन्हा यायच्या. पैसे येत होते, पण गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात. बँकेत केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार दिलं म्हणजे डीबीटी जोडलं, असं नव्हे. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघा. त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर लागतो. तो नसेल तर आधी ते काम करा. पोस्टमनकडूनही ते होतं.

मग इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं उघडा. ही बँक देशभर १ सप्टेंबर २०१८ला सुरू झाली. साध्या बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. पोस्टातलं जुनं बचत खातं वेगळं आणि हे वेगळं, हे आईला दोनदा समजवा. उघडतानाच ‘अनुदान याच खात्यात हवंय’ असं सांगून संमती द्या. काही दिवसांनी स्टेटस परत तपासा. तिथे पोस्टाच्या बँकेचं नाव दिसेपर्यंत जुनं खातं बंद करू नका. पुढे कोणी शिबिरात नवं खातं उघडायला सांगितलं, तर डीबीटीच्या संमतीवर सही करण्याआधी विचारा, नाहीतर पैसे तिकडे वळतील.

तहसीलचं काम यातून सुटत नाही. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही, तर खातं कितीही बरोबर असलं तरी अनुदान थांबतं.

पैसे काढताना पोस्टमनच्या यंत्रावर बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि आपल्याकडची मोठी अडचण बोटांचीच. काजू सोलणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या, चिऱ्याच्या खाणीवर राबलेल्या हातांचे ठसे झिजतात. हात साबणाने धुवून कोरडे करा, दहाही बोटं लावून बघा. तरीही यंत्र घेत नसेल, तर आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवा. ऑगस्ट २०२५पासून या बँकेत चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. तशी सोय मागा. मागायला लाजू नका, पैसे आपल्या हक्काचे आहेत.

पैसे काढताना आईने रक्कम मोठ्याने सांगावी, नोटा मोजाव्यात, शिल्लक विचारावी. एकदा पैसे हातात आले की ‘परत अंगठा द्या’ म्हटलं तर कारण विचारायचं. खात्यातून रक्कम कापली आणि हातात काही आलं नाही, तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि पोस्टाच्या बँकेच्या १५५२९९ या नंबरवर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम ५ दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

पोस्टमनचं यंत्र मोबाईलच्या रेंजवर चालतं. पावसात घाटीखालच्या घरांत ती नसते, तेव्हा वाडीत रेंज कुठे मिळते ते त्याला आधीच दाखवून ठेवा, आणि त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये घाला.