दुसऱ्या विषयाने आपला प्रश्न बदलायला हवा

आंतरविद्याशाखीय संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी बहुधा विचारतात, ‘आणखी कोणता विषय शिकू?’ मी त्यांना आधी वेगळंच विचारते: तो विषय तुमच्या प्रश्नाचं काय करणार आहे? एका अहवालात तीन शाखांची तीन प्रकरणं शेजारी शेजारी छापली, तर ते बहुविद्याशाखीय काम झालं. तेही उपयोगी असतं, पण त्यात प्रत्येक जण आपापल्या जागीच राहतो.

खरी देवाणघेवाण कशी असते ते अल्वारेझ पितापुत्रांच्या कामात दिसतं. भूशास्त्रज्ञ वॉल्टर इटलीतल्या गुब्बिओजवळ चिकणमातीचा एक पातळ थर अभ्यासत होते. तो थर डायनोसॉर नष्ट झाले त्या काळातला. तो साचायला किती काळ लागला, एवढंच त्यांना हवं होतं. वडील लुईस भौतिकशास्त्रज्ञ. अवकाशातून साधारण एकाच वेगाने पडत राहणाऱ्या धुळीतलं इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असलेला धातू) मोजा, म्हणजे काळाचा अंदाज येईल, असं त्यांनी सुचवलं. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनतज्ज्ञांनी ते मोजलं, तर आजूबाजूच्या खडकांच्या सुमारे ३० पट निघालं! मग काळाचा प्रश्न मागे पडला आणि एवढं इरिडियम आलं कुठून, हा प्रश्न पुढे आला. १९८० मध्ये या चौघांनी लघुग्रहाच्या आघाताने डायनोसॉर नष्ट झाले, असा सिद्धांत मांडला.

मी संख्याशास्त्राची. आरोग्य सर्वेक्षणात कोरं राहिलेलं उत्तर म्हणजे भरून काढायची त्रुटी, असंच मी शिकले होते. समाजशास्त्रातल्या सहकारी मैत्रिणीने विचारलं, ‘प्रश्न विचारला तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?’ पुढच्या फेरीत आम्ही मुलाखतीच्या वेळी हजर असलेल्यांची नोंदही घ्यायला लागलो. माझ्या समीकरणांना ती माहिती स्वतःहून कधीच मिळाली नसती.

म्हणून दुसऱ्या शाखेतले निबंध वाचताना निष्कर्षांआधी पद्धतीचा भाग वाचा. तिथे पुरावा कशाला म्हणतात, ते त्यातूनच उमगतं. त्यांच्या चर्चासत्रांना जाऊन बसा. वाद कुठे पेटतो ते ऐका. मात्र स्वतःच्या एका विषयात पाय घट्ट हवेत, नाहीतर समोरच्याला तुमच्याकडून मिळणार काय? पीएचडी करत असाल तर दुसऱ्या शाखेतला सहमार्गदर्शक सुरुवातीलाच मिळवा, आणि प्रबंध कोणत्या विभागाचे परीक्षक तपासणार हे नोंदणीआधी विचारून घ्या.