‘कमांडोज’ आणि ‘आयजीआय’: आजच्या संगणकावर बसवायचे कसे, खेळायचे कसे

जुन्या बाजारात एखाद्या रविवारी ‘कमांडोज’ किंवा ‘आयजीआय’ या जुन्या संगणक गेमची सीडी हाती लागली, तरी ती टाकून लगेच खेळता येईल असं धरून चालू नका. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं, नक्कल रोखणारं कुलूप असायचं. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 मधून काढूनच टाकला. सीडीवर एकही ओरखडा नसला तरी गेम उघडत नाही, तो यामुळे. शिवाय काही जुने इन्स्टॉलर 16 बिटचे आहेत, ते 64 बिट विंडोजवर चालत नाहीत. तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत डीव्हीडी ड्राइव्ह शोधत हिंडण्याआधी गॉग या गेम विकणाऱ्या वेबसाइटवरची प्रत विकत घ्या. तिला कुलूप नसतं.

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथे विंडोज जुन्या गेमला लिहू देत नाही, सेव्ह फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाते आणि मग ती सापडत नाही. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असा साधा फोल्डर करा आणि त्यात टाका.

आयजीआयचं चित्र रुंद स्क्रीनवर ताणलेलं दिसलं किंवा स्क्रीन काळी राहिली, तर डीजीव्हूडू 2 (dgVoodoo 2) हे जुन्या गेमचं चित्र नव्या संगणकावर नीट दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या ‘एमएस’ फोल्डरातल्या ‘एक्स86’मधून डीड्रॉ (DDraw.dll) आणि डीथ्रीडीइम (D3DImm.dll) या दोन डीएलएल फाइल गेम सुरू करणाऱ्या एक्सई (.exe) फाइलशेजारी ठेवा. कंट्रोल पॅनलची फाइलही तिथेच ठेवून उघडा, स्केलिंगमध्ये मूळ प्रमाण राखणारा पर्याय निवडा आणि डायरेक्टएक्सच्या पानावर वॉटरमार्कची खूण काढा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक्स86 ऐवजी एक्स64 मधल्या फाइल घेणं. गेम 32 बिटचा आहे, त्या फाइली त्याला चालत नाहीत.

आता खेळाकडे. सुरुवात 1998 च्या कमांडोजने करावी, कारण थांबून बघायची सवय हाच गेम लावतो. मिशन उघडल्यावर पहिली पाच मिनिटं आपल्या कमांडोंपैकी कुणालाच हलवू नका. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून एकेका पहारेकऱ्याची नजर तपासा. नजरेचा हिरवा पट्टा दोन छटांचा असतो. जवळच्या फिकट भागात तुम्ही सरपटत असलात तरी दिसता. लांबच्या गडद भागात सरपटत गेलात तर दिसत नाही. निम्मा खेळ या दोन छटांवर उभा आहे. पहारेकरी वळून परत यायला किती वेळ घेतो, ते मनात मोजा. ग्रीन बेरेट नावाच्या आपल्या कमांडोने सुरा मारला की आवाज होत नाही, पण प्रेत तिथेच पडू दिलंत तर पुढची गस्त ते बघते आणि अलार्म होतो. उचला, भिंतीआड टाका, मगच पुढचा माणूस.

कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करा, पण प्रेत लपवून, आजूबाजूच्या नजरा पुन्हा तपासून झाल्यावर. घाईत केलेला क्विक सेव्ह आधीचा चांगला सेव्ह पुसतो. कुणी तुम्हाला बघितलंय आणि त्याच क्षणी सेव्ह झालं, तर मिशन पहिल्यापासून.

2000 साली आलेल्या आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह नाहीच. ही उणीव म्हणणारे बरेच आहेत, पण त्या गेमचा सगळा ताण तिच्यातूनच येतो, म्हणून ती तशीच बरी. तारेच्या कुंपणाबाहेर, टेकाडाआड थांबून आधी आपल्याजवळच्या नकाशाच्या संगणकावर शत्रूचा तळ बघा: मनोरे किती, बराक कुठे, कॅमेऱ्याची खोली कुठली. मनोऱ्यावरचा माणूस आधी टिपा. कॅमेरे त्या खोलीतल्या संगणकावरून बंद करा आणि मगच अंगण ओलांडा. अलार्म झालाच, तर मोकळ्यावर उभं राहून सैनिक मोजत बसू नका. बराकीतून ते येतच राहतात. एकच दार असलेली खोली गाठा, पाठ कोपऱ्याला लावा, दारात येईल त्याच्यावर नेम धरा आणि मॅगझिन अर्धं झालं की शांततेत भरून घ्या.