डी ड्राइव्हही पुसला जातो : जुन्या संगणकावर लिनक्स मिंट टाकताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला, आणि ठाणे-नवी मुंबईच्या अनेक घरांत बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात उभा असलेला असेंबल केलेला संगणक एकदम ‘जुना’ ठरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रात हे नसते. तरीही ४ जीबी रॅम असलेले असे यंत्र विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीवर पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार आणि व्हिडिओ यांसाठी चांगले चालते. मिंट मोफत आहे आणि त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. मात्र घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरून विवरणपत्रे भरत असेल, तर त्या संगणकावरची विंडोज काढू नये.

खरे काम इन्स्टॉल करण्याच्या आधीचे आहे. आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे दुकानातल्या माणसाने सी ड्राइव्ह पुसून विंडोज पुन्हा टाकणे, आणि डी ड्राइव्हमधले फोटो जागच्या जागी राहणे, असाच अनुभव वर्षानुवर्षे आहे. मिंटच्या इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय मात्र सी-डी असा भेद करत नाही. तो संपूर्ण डिस्क पुसतो. नेरूळला मामांच्या संगणकावर ही चूक माझ्या हातून होता होता राहिली. मामा शेजारी बसून सांगत होते, “सी तेवढा पूस, डीमध्ये सोसायटीचे हिशेब आहेत, त्याला हात लावू नकोस.” पडद्यावर सी नव्हता आणि डीही नव्हता; लिनक्स डिस्कच्या भागांना देते ती एसडीए १, एसडीए २, एसडीए ५ अशी नावे आणि त्यांच्यापुढे त्या भागांच्या आकाराचे आकडे होते. ती यादी वाचताना लक्षात आले की मी निवडलेला पर्याय हिशेबांसकट सगळेच घेऊन जाणार आहे. आम्ही संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी बाहेरची हार्ड डिस्क आणून पुन्हा सुरुवात केली.

म्हणून सर्व ड्राइव्हमधला मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि त्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड हमखास विसरले जातात. जुन्या मराठी फाइलींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. सोसायटीच्या सूचना आणि इतिवृत्ते बऱ्याचदा युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली असतात आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्यांची निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसते. विंडोज चालू आहे तोवर अशा फाइलींची पीडीएफ करून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

खर्चाची तयारी असेल, तर माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग वेगळाच आहे. जुनी हार्ड डिस्क सोडवून बाजूला ठेवावी आणि तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसवून मिंट तिच्यावर टाकावे. जुना मजकूर आहे तसा राहतो, आणि यंत्राचा वेग इतका वाढतो की रॅम वाढवण्याचा विचार पुढे ढकलता येतो.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (संपूर्ण मिंट सामावलेली एकच फाइल) उतरवून घ्यावी. ४ जीबी रॅमसाठी एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते, ८ जीबी असल्यास सिनॅमन घ्यावी. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही; रूफस या छोट्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. त्यानंतर संगणक सुरू होतानाच बूट मेन्यूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा हे विचारणाऱ्या यादीची, कळ दाबावी आणि पेनड्राइव्ह निवडावा. डेल आणि गिगाबाइटमध्ये ती बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९, तर एसुसच्या मदरबोर्डवर एफ ८ असते.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाले की लगेच इन्स्टॉल करू नये. या अवस्थेत डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घेता येतात. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, ते इथेच कळलेले बरे. वायफाय दिसत नसेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते. नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घेता येतो.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्यासाठी वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याचा महावितरणचा संदेश आला असेल, तर त्या दिवशी हे काम काढूच नये. भाषांच्या यादीत मराठी आहे, परंतु अनुवाद सगळीकडे पूर्ण नसल्याने इन्स्टॉल करताना इंग्रजी ठेवणे सोयीचे जाते. विंडोजही ठेवायची असल्यास तिच्यातले फास्ट स्टार्टअप (संगणक पूर्ण बंद न करता झटपट सुरू करण्याची सोय) आधी बंद करावे, डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी, आणि इन्स्टॉलरमध्ये ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ हा पर्याय घ्यावा. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर डिस्कवरची कोणती पार्टिशन, म्हणजे भाग, बदलणार याची यादी येते. ती डिस्कच्या आकाराशी ताडून पाहावी आणि मगच पुढे जावे. वेळेच्या नकाशावर ठाणे किंवा मुंबई शोधत बसू नये, तिथे कोलकाता निवडायचे असते. बाकीचे एसएसडीवर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवावा, टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडल्यास प्रणाली परत आणण्यासाठीची नोंद, घ्यावा, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी टंकण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक जोडावा. दोन्ही प्रणाली ठेवल्यास विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसेल. लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढाच हा घोळ आहे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की तो मिटतो. पण दरवेळी तारीखच बदलून जुनी येत असेल आणि संकेतस्थळे उघडत नसतील, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो.

पेनड्राइव्ह इतक्यात पुसू नये. संगणक कधी सुरूच झाला नाही, तर त्याच्यावरूनच आतल्या फाइली बाहेर काढता येतात. मामांनी त्याला ‘मिंट’ लिहिलेला टेपचा तुकडा चिकटवून तो हिशेबाच्या कपाटात ठेवला आहे.