रेझ्युमेचा साचा निवडण्याआधी तारखा लिहून काढा

आलेले अर्ज वाचायचे आणि त्यातले मुलाखतीला कोणते पाठवायचे ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम. हिशेबनीसाच्या जागेसाठी आलेला एक अर्ज मी बाजूला ठेवला होता, त्याची रुखरुख अजून आहे. पहिलं पान भरून कौशल्यं लिहिली होती: ताळेबंद, ऑडिटची तयारी, टीमचं नेतृत्व. हे सगळं कुठे आणि कधी केलं, ते मात्र दुसऱ्या पानावर तळाशी तीन ओळींत, तेही सालाशिवाय. काहीतरी लपवलंय असं वाटून मी पुढे गेले. नंतर सहकाऱ्याने त्या बाईंना फोन केला, तेव्हा कळलं की सलग ९ वर्षं काम करून आईच्या आजारपणासाठी त्या ४ वर्षं घरी होत्या. खंड अडचणीचा नव्हताच. साच्याने त्यांची ९ वर्षं झाकून टाकली होती.

म्हणून आधी कोऱ्या कागदावर नोकऱ्या, शिक्षण आणि मधले खंड महिना-सालासकट लिहा. साचा त्यावरून ठरतो.

एकाच क्षेत्रात काम चालू असेल तर क्रोनॉलॉजिकल घ्या, म्हणजे आत्ताची नोकरी सगळ्यात वर आणि मग मागे मागे. वाचणाऱ्याला हाच सवयीचा असतो. क्षेत्र बदलताय किंवा मध्ये खंड पडलाय? मग कॉम्बिनेशन: वर चार-पाच ओळींत नव्या कामाला लागणारी कौशल्यं, आणि लगेच खाली तारखांसकट सगळा अनुभव. खंडाचं कारण एका ओळीत लिहिलं तरी पुरतं. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर शिक्षण, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप वर घ्या. नुसत्या कौशल्यांचा फंक्शनल साचा मी कुणालाच सुचवत नाही.

आता दिसण्याबद्दल. दोन रकान्यांचे रंगीत टेम्प्लेट मोहात पाडतात, पण बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. त्यातली काही सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे सरळ ओळ वाचत जातात, मग डाव्या रकान्यातला फोन नंबर उजवीकडच्या नोकरीच्या वाक्यात घुसतो. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला ईमेल कधी कधी वाचलाच जात नाही. ‘एक्सेल ८०%’ अशा पट्ट्याही काढून टाका. ८०% कशाचे, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यापेक्षा एक्सेलमध्ये काय करता ते लिहा.

तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम विस्कटला, तर साचा बदला. काहीच पेस्ट झालं नाही, तर ती फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे.

सगळ्यात जास्त वेळ अनुभवाच्या ओळींना द्या. ‘खरेदी विभागाची जबाबदारी सांभाळली’ यातून मला काही दिसत नाही. ‘४० पुरवठादारांची बिलं तपासून दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत हिशेब विभागाला दिली’ हे वाचलं की माणूस टेबलाशी बसलेला दिसतो. आकडा खराच हवा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो. अलीकडच्या नोकरीला चार-पाच ओळी द्या, दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीला एक पुरे. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय, ते काम तुम्ही खरोखर केलं असेल तर तोच शब्द वापरा.

बाकी साधंच: अक्षर ११ पॉइंट, कडेला साधारण २ सेंटीमीटर जागा, तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने. अनुभव कमी असेल तर एक पान, जास्त असेल तर दोन. फाइलला ‘फायनल २’ नको, तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या.

पाठवण्याआधी फाइल स्वतःलाच मेल करून मोबाइलवर उघडा आणि फोन नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचा. निवड झालेल्या एका मुलाला आम्ही दोन दिवस फोन लावत होतो, लागतच नव्हता. रेझ्युमेत एक आकडा कमी होता.